कोरी चक्रातले कोरी कोण?

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या पुस्तकात ‘कोरी चक्र’ आहे. हे कोरी नवरा-बायको होते म्हणे. म्हणजे मूळ काम नवऱ्याचं आणि बाई मदतीला, असंच ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, अजिबात नाही. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचे तेव्हा मी हे चक्र फळ्यावर काढण्याआधी गर्टी कोरी हे नाव लिहीत असे.

गर्टी आणि कार्ल दोघंही १८९६ साली प्रागमध्ये जन्मले, १९२० मध्ये तिथेच डॉक्टर झाले आणि १९२२ मध्ये अमेरिकेत बफेलोला गेले. जोरात पळताना स्नायूंत ग्लुकोजपासून लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) तयार होतं. ते रक्तातून यकृताकडे जातं, तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं आणि स्नायूंकडे परत येतं. हेच कोरी चक्र, आणि ते दोघांनी मिळून १९२९ मध्ये मांडलं. फुकट काहीच नाही बरं का : एका ग्लुकोजमागे स्नायूला दोन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, ते ग्लुकोज परत घडवायला यकृताला सहा लागतात.

१९३१ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं कार्ल यांना प्राध्यापक नेमलं आणि गर्टींना संशोधन सहायक. प्रयोगशाळा एकच, काम बरोबरीचं. १९३६ मध्ये दोघांना ग्लुकोज-१-फॉस्फेट हे साखरेच्या चयापचयातलं महत्त्वाचं संयुग सापडलं तेव्हाही त्या सहायकच होत्या. याचा मला आजही राग येतो. त्या प्राध्यापक झाल्या १९४७ मध्ये, आणि नोबेलही त्याच वर्षी. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच सुमारास त्यांना अस्थिमज्जेचा दुर्धर आजार असल्याचं कळलं. तरी १९५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी काम सोडलं नाही.

त्यांचं सर्वांत मोठं काम मी या आजारपणातलं मानते. काही बाळांचं यकृत ग्लायकोजेननं (साठवलेल्या ग्लुकोजच्या साखळ्यांनी) फुगतं आणि थोडा उपास घडला तरी रक्तातली साखर घसरते. याला फॉन गिर्के आजार म्हणतात. यकृतातलं ग्लुकोज बाहेर सोडणारं ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे एन्झाइमच (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) या मुलांमध्ये नसतं, हे १९५२ मध्ये कोरींनी दाखवलं. जन्मजात चयापचय-दोषाचं मूळ यकृतातल्या एका विशिष्ट एन्झाइमच्या अभावात आहे, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. पुढे अशा मुलांना ठरावीक तासांनी कच्चा कॉर्नस्टार्च देऊन साखर टिकवता येऊ लागली.

त्या शोधनिबंधावर पहिलं नाव गर्टींचं आहे, दुसरं कार्ल यांचं. मुलीला तो लायब्ररीतून काढून वाचायला जरूर सांगा.