‘बरा आहेस ना?’ मधला ‘ना’

‘मुलगा फोनवर बरा आहे म्हणतो, पण आवाजावरून तसं वाटत नाही. परत बोलावून घेऊ का?’ मिरज-सांगलीच्या घरांतून हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येतो. आखातात गेलेल्या नर्सच्या आईकडून येतो, मर्चंट नेव्हीतल्या पोराच्या वडिलांकडून येतो, जर्मनीत शिकणाऱ्या मुलीच्या घरून येतो. इथे मी सांगते आहे ते धर्मसेवेसाठी परदेशी गेलेल्या एका मुलाच्या घराबद्दल. कुटुंबाने परवानगी दिली आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

परक्या देशातला तरुण मिशनरी मिरजेला नवा नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले तेव्हा पंचविशीच्या आत होते. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाला गाव आजही मिशन हॉस्पिटल म्हणतं. त्या काळी घरचं पत्र बोटीने यायला कित्येक आठवडे लागत. आता त्याच गावातून पोरं बाहेर निघाली आहेत आणि घरचा चेहरा दर आठवड्याला पडद्यावर दिसतो. त्यामुळे ताटातूट सोपी झाली असेल असं आपण धरून चालतो. माझा अनुभव तसा नाही. पत्रात माणूस आठवड्यात काय घडलं ते लिहितो. व्हिडिओ कॉलवर तो आधी चेहरा सांभाळतो.

हा मुलगा ‘लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्यातला. या मंडळीत मुलगे अठराव्या वर्षापासून २४ महिन्यांच्या सेवेला जाऊ शकतात. मुलींची सेवा १८ महिन्यांची. देश मंडळी ठरवते. याच्या वाट्याला फिलिपाइन्स आलं. दिवस ठरलेला असतो: सकाळी साडेसहाच्या सुमारास उठायचं, व्यायाम, शास्त्राचा आणि तिथल्या भाषेचा अभ्यास, मग दिवसभर पायपीट आणि घरोघरच्या भेटी, साडेदहाला दिवा बंद. सोबत कायम एक जोडीदार. त्याच्या नजरेआड व्हायचं नाही, न्हाणीघर सोडलं तर एकांत म्हणून नाही. हा जोडीदार आपण निवडत नाही, आणि साधारण सहा आठवड्यांनी एकाची किंवा दुसऱ्याची बदली होऊ शकते. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, कपडे, बाजार, साफसफाई आणि घरी फोन यासाठी. तोही संध्याकाळपर्यंतच. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई. आता दर आठवड्याला चालतो.

आईवडील माझ्याकडे आले तेव्हा मुलाला जाऊन चार महिने झाले होते. आई वॉर्डात सिस्टर, वडील रेल्वेत. वडिलांनी बसायच्या आधीच सांगितलं, ‘ताई, पोरगं परत येतो म्हणतंय. चौकात एवढा मोठा फ्लेक्स लावला होता.’

आई म्हणाली, ‘मागच्या सोमवारी नुसता रडला. त्याच्या आधी सगळे सोमवार हसत होता. मी दर वेळी विचारते हो, बरा आहेस ना? जेवतोस ना? करमतं ना? हो म्हणायचा.’

एकाच माणसाला खुर्चीत बसवून त्याचं मन दुरुस्त करता येतं, यावर माझा फारसा विश्वास नाही. माझं लक्ष माणसांच्या मधल्या बोलण्याकडे असतं: कोण कुणाला काय विचारतं, आणि त्या विचारण्यात कुठल्या उत्तराला जागा ठेवलेली असते. म्हणून मी मुलाची लक्षणं लिहून घेण्याआधी त्यांचा फोन कसा होतो ते तपशिलात विचारलं. फोन मिरजेच्या वेळेने दुपारी बारा वाजता, म्हणजे तिथे अडीच. फिलिपाइन्स आपल्यापुढे अडीच तास आहे. आई रात्रपाळी करून आलेली, जेमतेम दोन तास झोपलेली. घरात मावशी, काका, आजी, शेजारच्या दोघी. मोबाइल हातोहात फिरायचा. प्रत्येकजण दोन मिनिटं बोलायचं, आणि प्रत्येकाचा प्रश्न तोच.

दुसऱ्या भेटीत मी आईला विचारलं, ‘सिस्टर, ड्युटीवर गेलात की पेशंटला काय विचारता?’

‘काय म्हणजे, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, रात्री किती वेळा उठला, लघवी किती झाली.’

‘बरं आहे ना, असं नाही विचारत?’

‘छे. तसं विचारलं की पेशंट हो म्हणतो. नातेवाइकांसमोर तर हमखास. मग चार्टवर लिहायचं काय?’

ती थांबली. पंख्याच्या आवाजाखेरीज खोलीत काही नव्हतं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. वडील काही बोलणार होते, त्यांना मी हातानेच थांबवलं. अशा वेळी मधे पडलेला एक शब्दसुद्धा सगळं वाया घालवतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘म्हणजे मी त्याला चार महिने तपासलंच नाही.’

त्या एका वाक्यासाठी दोन भेटी लागल्या, आणि त्या लागू दिल्या याचं मला समाधान आहे. हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि सोमवारी पुन्हा ‘बरा आहेस ना’ विचारलं असतं. आपल्या भाषेतला हा ‘ना’ मायेचा आहे, पण तो उत्तर सोबत घेऊनच येतो. ‘नाही, मी बरा नाही’ असं म्हणायला समोरच्याला आधी आपलं वाक्य मोडावं लागतं. एकोणीस वर्षांचा मुलगा, पलीकडे सात माणसं, आजीच्या डोळ्यांत पाणी: तो ते का मोडेल?

आम्ही फोन बदलला. वेळ सकाळी पावणेनऊची केली. आई रात्रपाळी उतरून आलेली असते, तिथे सव्वाअकरा होतात, त्याचे कपडे धुऊन झालेले असतात. पहिली पंधरा मिनिटं एकटी आई, मग पंधरा मिनिटं एकटे वडील, बाकीचे शेवटी आणि तेही एका आठवड्याला दोघेच. ‘ना’ने संपणारा प्रश्न बंद. त्याऐवजी ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही असं विचारायचं: काल रात्री काय शिजवलं? भांडी कोण घासतं? या आठवड्यात कुठल्या दिवशी सगळ्यात जास्त चाललास? कपडे कुठे वाळत घातलेस? एका फोनमध्ये तीनच प्रश्न. सात झाले की उलटतपासणी होते. आणि घरचीही एक खरी बातमी सांगायची, चांगलीच असली पाहिजे असं नाही. वडिलांची साखर वाढली होती, ती त्याच्यापासून लपवली होती. आपण लपवत राहायचं आणि पोराने मात्र मन मोकळं करावं, हे होत नाही.

पहिल्याच सोमवारी ‘कपडे कुठे वाळत घातलेस?’ला उत्तर म्हणून त्याने मोबाइल फिरवला. खिडकीच्या गजांना एकाशेजारी एक, खेटून अडकवलेले पाच पांढरे शर्ट. तिथे पावसाळा होता, कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते, कुबट वास येत होता. मग बोलता बोलता पाय दाखवले. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलत होती. रोज आठ-दहा किलोमीटर ओल्या मोज्यांत चालत होता आणि हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आता आई सिस्टर झाली. बेचक्या पुसून पूर्ण कोरड्या कर, बुरशीचं मलम सकाळ-संध्याकाळ, खाज थांबली तरी पुढे दोन आठवडे लाव. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापर, काढलेल्यात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंब. पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेव, दुपारी बदल. शर्टाच्या कॉलरला आधी साबण चोळून पंधरा मिनिटं ठेव, मग ब्रश मार. वाळत घालताना दोन शर्टांत वीतभर अंतर ठेव आणि पंखा त्यांच्यावर सोड.

माझ्या क्षेत्रातल्या काहींना हे समुपदेशन वाटणार नाही. मला वाटतं. ‘मला इथे जमत नाही’ या वाक्यात पायाची आग किती आणि मनाची किती, हे पाय बरे झाल्याशिवाय कळत नाही. जेवणाचंही तसंच. तिथे तिन्ही त्रिकाळ भात, सोबत डुकराचं मांस नाहीतर सुकी मासळी. हा डाळीला आसुसला होता. मूग तिथल्या बाजारात सर्रास मिळतात, तिथली माणसंही मुगाचं कालवण करतात, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. वडिलांनी फोनवर शिकवलं: एक वाटी मूग रात्रभर भिजव, तीन वाट्या पाणी, कुकर नसेल तर झाकण ठेवून मऊ होईपर्यंत मंद आचेवर, मीठ शेवटी, वरून लसणाची फोडणी. त्या आठवड्यात वडील पहिल्यांदा मुलाशी पंधरा मिनिटं बोलले.

महिन्याभराने, तिथल्या मिशनच्या अध्यक्षांची परवानगी घेऊन, मी मुलाशी एकदा थेट बोलले. अजून परत यायचं मनात होतं, पण आता त्याला कारणं नीट सांगता येत होती. एक कारण असं: ‘ताई, लोक दार लावत नाहीत. हसतात, पाणी देतात, सा सुसुनोद ना लांग म्हणतात, म्हणजे पुढच्या वेळी. सांगितलेल्या दिवशी जातो तर कुलूप. माझंच काहीतरी चुकतंय.’

मी विचारलं, ‘मिरजेत तुझ्या पप्पांकडे कुणी वर्गणी मागायला आलं आणि पप्पा म्हणाले, बघू, तर त्याचा अर्थ काय?’

तो हसला. ‘नाही देणार.’

‘मग त्यांचं पुढच्या वेळी आणि आपलं बघू, यात फरक काय?’

नकार कळायला भाषा लागते, आणि सभ्य माणसांचा नकार तर सगळ्यात उशिरा कळतो. इतके दिवस तो प्रत्येक ‘बघू’ला होकार समजून मोजत होता आणि प्रत्येक कुलपाला स्वतःचं अपयश. त्याच्या वहीत आम्ही उभी रेघ मारली. डावीकडे आज मी काय केलं: किती भेटी, किती नवे शब्द, कुणाला काय मदत. उजवीकडे त्यांनी काय ठरवलं. रात्री झोपताना बेरीज फक्त डावीकडची करायची.

दुसरं कारण त्याने शेवटी शेवटी सांगितलं, मान खाली घालून. या सेवेत मुलांना एल्डर आणि पुढे आडनाव, अशीच हाक मारतात. जोडीदारही तेच म्हणतो, छातीवरच्या पट्टीवरही तेच. ‘चार-पाच महिने मला कुणी नावाने हाक मारली नाही. आणि मम्मीपण फोनवर एल्डर म्हणायला लागली, कौतुकाने.’ आईला हे सांगितलं तेव्हा ती रडली, पण पुढच्या सोमवारपासून तो घरातल्या नावाचाच झाला. लांब गेलेल्या मुलाला नवं पद, नवा गणवेश मिळतो आणि आपण अभिमानाने त्या पदालाच हाका मारतो. नेव्हीतल्या मुलांच्या घरांतही मी हे पाहिलं आहे.

आता ‘बोलावू का?’बद्दल. माझा नियम असा: रडवेल्या फोनवर ‘ये’ही म्हणायचं नाही आणि ‘येऊ नको’ही नाही. ‘ऐकलं, दोन सोमवार यावर बोलू’ एवढंच. दोन शांत फोनांनंतरही त्याला यायचंच असेल तर यावं, आणि त्या येण्याला घराने पळून येणं म्हणू नये. त्रास जोडीदाराचा असेल तर पुढच्या बदलीपर्यंतचे सहा आठवडे हे माप धरावं, चोवीस महिने धरू नयेत. मात्र दोन आठवडे झोप तीन-चार तासांवर आली असेल, अन्न जात नसेल, किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा कानावर आली, तर सोमवारची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मिशनच्या अध्यक्षांना फोन करून डॉक्टर गाठायला सांगायचं. इथे आईवडिलांची झोप उडाली असेल तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

हा मुलगा राहिला. सहाव्या महिन्यात जोडीदार बदलला, आठव्यात गाव बदललं. एका फोनवर त्यानेच आईला शिकवलं की तिथे भेटल्यावर ‘कुमाइन का ना?’ विचारतात, म्हणजे जेवलास का. आणि त्यातला ‘ना’ म्हणजे ‘एव्हाना’ या अर्थाचा.

चोवीस महिने भरत आले तशी आई पुन्हा भेटायला आली. आता काय करू? परतीबद्दल कुणी फारसं सांगत नाही, म्हणून ते सविस्तर सांगितलं. दोन वर्षं रात्रंदिवस कुणीतरी शेजारी असतं, ते एकदम जातं. पहिले काही आठवडे एकट्या खोलीत झोप लागत नाही. हातात ठरलेला दिवस नसतो, मोबाइलवर वेळेचं बंधन नसतं, त्यामुळे सगळं सैल पडतं. पहिले दहा दिवस सत्कार, मंडळीसमोर साक्ष, पाहुणे काही ठेवू नका. सकाळी उठायची वेळ आणि रोजचं एक काम ठरवून द्या. नोकरीचा, लग्नाचा विषय महिनाभर नको.

वडिलांचा एकच प्रश्न राहिला होता, चौकात फ्लेक्स लावायचा का. मी म्हणाले, मला नको, त्यालाच विचारा. सोमवारी त्यांनी विचारलं. तो म्हणाला, ‘लावा, पण नुसतं माझं नाव लिहा. पुढे काही जोडू नका.’