अपडेटनंतर वाय-फाय गायब

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना लॅपटॉप आहे. मराठी आणि कन्नड पुस्तकांची यादी त्यावर ठेवता यावी, म्हणून आम्ही त्यात उबुंटू ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली घातली. इतके दिवस वाय-फाय सुरळीत चालले. परवा अपडेट झाले आणि ते दिसेनासे झाले. बेळगावचे दुरुस्तीवाले कार्ड जळाले म्हणतात. कार्ड ब्रॉडकॉमचे बीसीएम४३१४२ आहे. काय करावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : कार्डावर इतक्यात खर्च करू नये. अपडेटच्याच दिवशी वाय-फाय गेले असेल, तर संशय आधी ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्यावा. इंटेलच्या बहुतेक कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे कर्नेल बदलला तरी तो सोबत येतो. आपल्या कार्डाचा ‘डब्ल्यूएल’ हा ड्रायव्हर मात्र कर्नेलबाहेरचा असून प्रत्येक नव्या कर्नेलसाठी तो नव्याने बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस ही व्यवस्था आपोआप करते. पण त्या कर्नेलचे हेडर्स, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फायली लॅपटॉपवर नसतील, तर तिचाही इलाज चालत नाही.

खात्री करणे सोपे आहे. लॅपटॉप सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) कळ दाबून ग्रबची, म्हणजे कोणता कर्नेल सुरू करायचा ते विचारणारी यादी आणावी, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जावे आणि आधीचा कर्नेल निवडावा. तेथे वाय-फाय लागले, तर कार्ड ठणठणीत आहे. तेथेही लागले नाही, तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा देऊन पाहावे. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ दिसल्यास बहुधा लॅपटॉपवरील वाय-फायचे बटणच बंद असते.

कार्ड ठीक निघाल्यास पुन्हा नव्या कर्नेलवर यावे, मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे आणि त्या इंटरनेटवरून आधी चालू कर्नेलच्याच आवृत्तीचे हेडर्स व मग ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नेल-सोर्स’ हे पॅकेज पुन्हा बसवावे. या वेळी पडद्यावर सरकणाऱ्या ओळी वाचाव्यात, कारण बांधणी फसली तर ते तेथेच कळते.

बांधणी नीट होऊनही ड्रायव्हर चढत नसेल, तर बहुधा सिक्युअर बूट, म्हणजे मान्यता नसलेले ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा आड येत असते. पॅकेज बसवताना तात्पुरता पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना एक निळा पडदा येतो. तेथे ड्रायव्हरला मान्यता देण्यासाठी ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा जेमतेम १० सेकंद थांबतो, त्यामुळे लॅपटॉप सुरू करून चहाला उठणाऱ्यांची संधी हमखास हुकते.

कर्नेल फारच नवा असल्याने बांधणी फसत असेल, तर पॅकेजची सुधारित आवृत्ती येईपर्यंत जुन्या कर्नेलवरच काम चालवावे. एवढी दगदग नको असल्यास एथेरॉस एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल घ्यावा. त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे. घेताना खोक्यावरील कंपनीच्या नावापेक्षा आतली चिप विचारावी, कारण स्वस्त डोंगलांपैकी अनेकांचे ड्रायव्हर पुन्हा कर्नेलबाहेरचेच असतात.