डेस्कटॉप अधूनमधून गोठतो: एसएमपीएस बदलण्याआधी काय पाहावे

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी: असेंबल केलेला डेस्कटॉप, पहिल्या पिढीचा रायझन प्रोसेसर, रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, विंडोज एसएसडीवर आणि जुना डेटा हार्डडिस्कवर. काम करताना, आणि काही वेळा संगणक नुसता चालू ठेवून उठल्यावरही, तो जागच्या जागी गोठतो. निळा स्क्रीन येत नाही आणि शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. फॉरमॅट करूनही फरक पडलेला नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते आणि तिच्यावरून दुकानदार एसएमपीएस, म्हणजे संगणकातील भागांना वीज पुरवणारा डबा, बदलायला सांगत आहे.

एसएमपीएस दोषी असूही शकेल, परंतु ४१ क्रमांकाची नोंद हा त्याचा पुरावा नव्हे. आधीच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते, आणि बटण दाबून धरल्यावर ते रीतसर बंद होणारच नाही. तेव्हा ती सोडून तिच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांतील नोंदी वाचाव्यात. ‘स्टोरएएचसीआय १२९’ किंवा ‘डिस्क १५३’ दिसल्यास संशय डिस्कवर अथवा तिच्या केबलवर जातो. ‘डिस्प्ले ४१०१’ दिसल्यास ग्राफिक्सवर. ‘व्हिआ-लॉगर’ दिसल्यास प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डवर. काहीच नोंद नसेल तर तीही माहितीच आहे, कारण यंत्र एका क्षणात थांबले किंवा एसएसडीच प्रतिसाद देईनाशी झाली तर नोंद लिहिली जाणार तरी कुठे?

पुढच्या वेळी संगणक गोठला की लगेच बटणाकडे हात नेऊ नये. आधी कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का, माऊसचा बाण हलतो का, गाणे चालू असेल तर ते पुढे सरकते का, हे पाहावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. दिवा बदलतो, आवाज चालू आहे, पण चित्र मात्र थिजले आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. चित्र परतले तर दिशा मिळाली. बाण हलतो, पण फोल्डर उघडत नाही आणि काही वेळाने सगळे आपोआप सुटते, तर बहुधा डिस्क. दिवाही बदलत नाही आणि स्पीकरमधून एकच घरघर येत राहते, तर प्रोसेसर, रॅम आणि त्यांना मिळणारी वीज यांच्याकडे वळावे.

माझा पहिला संशय आपल्या जुन्या हार्डडिस्कवर आहे. विंडोज एसएसडीवर असले तरी फाइल एक्सप्लोरर आणि पार्श्वभूमीला चालणारे इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची सूची करणे) हार्डडिस्कच्या उत्तराची वाट पाहतात, आणि खराब सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे कप्पे) वाचण्याच्या खटपटीत ती अडकली की संगणकच अडकल्यासारखा वाटतो. फॉरमॅटचा उपयोग न होण्याचे कारणही हेच असू शकते. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा (वाचता न आलेल्या सेक्टरचा) आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर आधी डेटाची प्रत काढावी, त्यापूर्वी संपूर्ण डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवू नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो ताण नाहक पडतो. ‘सीआरसी एरर’चा (डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कपेक्षा तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा दोष अधिक संभवतो. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो वाढतो आहे की नाही, एवढेच पाहावे. प्रत काढल्यावर हार्डडिस्कच्या दोन्ही केबल काढून आठवडाभर काम करून पाहणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी आहे.

एसएसडीचे फर्मवेअरही (तिच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) पाहावे. क्रुशियल एम४ या एसएसडीमध्ये एकूण ५१८४ तास वापर झाल्यावर ती प्रतिसाद देईनाशी होत असे आणि पुढे दर तासाला हेच घडे. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या नव्या फर्मवेअरने तो दोष गेला. एसएसडी सोडून बाकी कितीही भाग बदलले असते तरी असा दोष सापडला नसता.

रॅमसाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी बंद करावे, कारण ती अखेर वाढीव वेगाची सोय आहे आणि पहिल्या पिढीचे रायझन वेगवान रॅमच्या बाबतीत फारच नखरेल होते. त्यानंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. एक जरी चूक आढळली तरी रॅम उत्तीर्ण समजू नये; एकेक पट्टी वेगळी लावून पाहावी. खोडरबराने रॅमच्या पट्टीचे धातूचे पाय घासण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, पण गुण बहुधा पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्याचा येतो. दमट हवेत राहत असाल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे बरे.

उष्णतेसाठी तापमान एकदा पाहून घ्यावे आणि धूळ काढावी. तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो आणि अगदीच झाले तर बंद पडतो. नुसता गोठणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नाही.

राहिले रिकामे असताना गोठणे. सुरुवातीच्या रायझनमध्ये हे ज्ञात दुखणे आहे: काम नसताना प्रोसेसर इतकी कमी वीज घेतो की काही जुन्या एसएमपीएसना ती पातळी सांभाळता येत नाही. बायोस अद्ययावत करून ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ या पर्यायात ‘टिपिकल करंट आयडल’ निवडावे. त्याने गोठणे थांबले तर दुकानदाराचे म्हणणे काही अंशी खरे ठरेल, पण खर्च न करता.

एवढ्यावरही भागले नाही तर एसएमपीएसकडे यावे. १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ च्या आत असायला हवी, पण क्षणभराची घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. म्हणून ओळखीच्या कुणाकडून चांगला एसएमपीएस चार दिवस आणून लावणे हीच खरी परीक्षा. घरी इन्व्हर्टर असेल आणि वीज जाण्या-येण्याच्या वेळीच त्रास होत असेल, तर त्याच्यावर यूपीएस मोडचे (वीज गेल्यावर झटकन बॅटरीवर नेणारे) बटण आहे का आणि ते चालू आहे का, हे नवीन एसएमपीएस विकत घेण्याआधी पाहावे.