बाबांनी फेसबुकवरच्या जाहिरातीतून 2 रुपयांत भरती-ओहोटीचं अ‍ॅप घेतलं. आता अ‍ॅप काढलं तरी दरमहा पैसे कापले जातात. काय करू? (मालवण)

अ‍ॅप काढून उपयोग नाही, आधी ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची सोय, रद्द करा. 2 रुपयांसाठी यूपीआय पिन टाकला तेव्हाच दरमहा कापायची परवानगी दिली गेली. त्याच पडद्यावर बारीक अक्षरांत कमाल रक्कम लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही. पैसे भरले त्या यूपीआय अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' उघडा, त्या अ‍ॅपचं मॅन्डेट (दिलेली परवानगी) रद्द करा, पिन टाका. तिथे सापडलं नाही तर प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याआधी 24 तास सूचना येते, बाबांना ते मेसेज पुसू नका म्हणावं. मात्र गेलेले पैसे यातून परत येत नाहीत. त्यासाठी बँकेत तक्रार करा, फसवणूक वाटली तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. भरती-ओहोटी आणि लाटांचा अंदाज इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था फुकट देते.