चटईच्या कारखान्यातला हेल्पर ते मोटार भरणारा कारागीर: काय शिकायचं, कुठून सुरुवात करायची

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय 24, बारावी आर्ट्स, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात हेल्पर, बारा तासांची पाळी, कंत्राटदाराकडून हातात बारा-तेरा हजार. घर यावल तालुक्यात. दोस्त म्हणतात सुरतला चल. तू विचारतोस की सुरतला जाऊ, की इथंच एखादं काम शिकू, आणि या वयात आयटीआय करून उपयोग होईल का.

सुरतचं आधी संपवतो. सुरतच्या उधना भागात पगाराचा आकडा मोठा दिसतो. त्यातून खोलीचं भाडं, खाणावळ आणि सणावाराला गावी यायचा खर्च वजा कर, मग आजच्या पगाराशी ताडून बघ. आणि तिथंही तू हेल्परच असशील. पाच वर्षं मशीनवर माल लावला-काढला तरी पाचव्या वर्षी तुला जे येतं, ते नवीन पोराला आठवड्यात येतं, म्हणून पगार वाढत नाही. जायचंच असेल तर हातात काम घेऊन जा.

माझं मत स्पष्ट आहे. तू यावलचा आहेस, तर मोटार वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार भरणं, शीक, आणि त्यातही सबमर्सिबल, म्हणजे बोअरमध्ये पाण्याखाली चालणारी मोटार. वेल्डिंग वाईट नाही, आयटीआयचा कोर्स एकच वर्षाचा आहे. पण गेट-ग्रिलची दुकानं आता गावोगाव झाली आहेत, आणि खरा पैसा 6जी पोझिशनच्या, म्हणजे तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपच्या वेल्डिंगला आहे, त्यासाठी रिफायनरी नाहीतर मोठ्या प्रकल्पावर बाहेर जावं लागतं. एसी-रेफ्रिजरेशन चांगलं आहे, रावेर-सावद्याकडे केळी पिकवायच्या शीतगृहांना मेकॅनिक लागतोच, पण तिथं घुसायला आधी ओळख लागते. मोटारीचं तसं नाही. रावेर, यावल, चोपडा हा सगळा केळीचा पट्टा. केळीला जवळजवळ वर्षभर पाणी लागतं, आणि मे महिन्यात मोटार जळाली की बाग चार दिवससुद्धा थांबत नाही. त्या वेळी शेतकरी भावाची घासाघीस कमी करतो, ‘संध्याकाळपर्यंत मिळेल का’ हे आधी विचारतो.

आता काम नेमकं काय आहे ते सांगतो, म्हणजे दुकानात गेल्यावर काय बघायचं ते तुला कळेल. तार भरणं हा त्यातला अर्धाच भाग. मोटार का जळाली हे ज्याला सांगता येतं, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं.

स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा, तार भरलेला भाग, उघडला की लगेच छिन्नी लावू नको. कॉइलची तोंडं नीट बघ. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्या पडल्या किंवा वितळल्या, आणि तिसऱ्या फेजच्या कॉइल नव्यासारख्या राहिल्या, तर ती मोटार एक फेज गेलेला असताना चालली आहे. डेल्टा जोडणीत (एकाचं टोक दुसऱ्याला, अशा त्रिकोणात) हेच झालं तर उलट दिसतं, एकाच फेजच्या कॉइल जळतात आणि दोन चांगल्या राहतात. तिन्ही फेज सारख्याच काळ्या असतील तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज, म्हणजे पंप जाम, बेअरिंग झिजलेली, किंवा लाइटच खाली बसलेली. बाकी सगळं चांगलं आणि एकाच जागी, बहुतेकदा स्लॉटच्या (तार बसते त्या खाचेच्या) तोंडाशी, तांब्याचा मणी झालेला असेल तर तिथं इन्सुलेशन फाटून तार बॉडीला लागली आहे. हा शेवटचा दोष बऱ्याचदा आधीच्या भरणाऱ्याचा असतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त मोटारी एक फेज जाऊन जळतात. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, एक फ्यूज उडतो, मोटार दोन फेजवर ओढत राहते, आणि उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. त्यात कपॅसिटर लावून मुद्दाम दोन फेजवर मोटार चालवणारेही आहेत. आणि ‘ऑटो’मुळे, म्हणजे मोटार आपोआप सुरू करणाऱ्या स्विचमुळे, लाइट आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, आणि सुरू व्हायलाच मोटारीला दम लागतो. मोटार भरून देताना हे शेतकऱ्याला सांगितलं नाही, तर तीच मोटार महिन्याभरात परत येते आणि तो म्हणतो, तुम्ही नीट भरली नाही.

जुनी तार काढण्याआधी वहीत नोंद: कंपनीची प्लेट, एचपी, स्लॉट किती, कॉइलची पिच (एक कॉइल कुठल्या स्लॉटपासून कुठल्यापर्यंत), प्रत्येक स्लॉटमध्ये वेढे किती, तार एकेरी की दोन पदरी, जाडी, जोडणी आणि लीड, म्हणजे बाहेर जोडायची तार, कुठल्या स्लॉटमधून बाहेर येते. जाडी मायक्रोमीटरनं मोजायची, आणि तीसुद्धा आवरण काढून उघड्या तांब्याची. आवरणासकट मोजली की गेज चुकतो. वेढे एकाच कॉइलवर मोजून थांबू नको, दोन-तीन मोज, कारण आधीच्यानं चुकवलेले असू शकतात.

जोडणी डोक्यात बसवायला 24 स्लॉट, दोन पोलची मोटार घे, सबमर्सिबलमध्ये ही नेहमी भेटते. 24 भागिले 2 पोल भागिले 3 फेज, म्हणजे प्रत्येक पोलला प्रत्येक फेजचे 4 स्लॉट. एकात एक बसणाऱ्या कॉइल असतील तर पिच 1 ते 12 आणि आत 2 ते 11. दुसरा गट 13 ते 24 आणि 14 ते 23. दुसरा फेज 8 स्लॉट पुढून, म्हणजे 9 पासून, आणि तिसरा 17 पासून. हे कागदावर वर्तुळ काढून तीन रंगांनी भर. चोवीसही स्लॉट एकदाच भरले आणि एकही रिकामा राहिला नाही, की आकृती बरोबर. ही आकृती न बघता काढता येईपर्यंत उस्तादाला ‘मला भरायला द्या’ म्हणू नको.

पाण्यानं भरलेल्या सबमर्सिबलमध्ये पॉली-रॅप किंवा पीव्हीसी आवरणाची तार असते. तिला वार्निश नसतं. तार स्लॉटमधून एक-एक वेढा ओवायची असते, बहुतेक ठिकाणी दोन बाजूंनी दोन माणसं बसतात. ओढताना लोखंडाच्या कडेला आवरण घासलं की काम संपलं. तो ओरखडा कोरड्यात दिसत नाही, मेगरही, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटरही, दाखवत नाही, पाण्यात गेल्यावर बोलतो. म्हणून भरलेला स्टेटर रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचा आणि सकाळी ओला असतानाच 500 व्होल्टच्या मेगरनं लीड आणि बॉडी यांच्यामध्ये तपासायचा. नवीन वाइंडिंग भरपूर वर दाखवते. सीझनच्या घाईत ही रात्र वाचवणारी दुकानं आहेत. तू शिकायला जाशील तिथं अशी टाकी आहे का, हे पहिल्याच दिवशी बघ. टाकी नसेल तर दुसरं दुकान शोध.

मोटार जोडताना आत स्वच्छ पाणी भरायचं, हलवून बुडबुडे थांबेपर्यंत, मग प्लग लावायचा. आत हवा राहिली तर खालची, वजन पेलणारी थ्रस्ट बेअरिंग कोरडी चालून झिजते, रोटर (फिरणारा भाग) खाली बसतो आणि पंपाचे इंपेलर घासतात. केबलच्या जोडात तिन्ही तारा एकाच जागी जोडायच्या नाहीत, पुढेमागे कापून जोडायच्या, म्हणजे टेप सुटला तरी दोन जोड एकमेकांना लागत नाहीत. जोड बादलीत बुडवून पुन्हा मेगर. बोअरमधून वर काढलेल्या ‘जळालेल्या’ मोटारींपैकी काहींची वाइंडिंग ठणठणीत असते, फक्त जोड गेलेला असतो. म्हणून वर ओढल्यावर मोटार दुकानात नेण्याआधी जोड कापून मोटार वेगळी आणि केबल वेगळी तपासायची.

मोटार बोअरमध्ये सोडून सुरू केल्यावर तिन्ही तारांवर क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लाव. 5 एचपीची जमिनीवरची मोटार 415 व्होल्टला पूर्ण लोडवर साधारण 7 ते साडेसात अँपिअर घेते, सबमर्सिबल त्याहून थोडी जास्त, शेवटी प्लेटवर लिहिलेला आकडा खरा. तीन फेजमध्ये मोठा फरक दिसला तर भांडण सुरू होतं, दोष मोटारीचा की लाइटचा? इलाज सोपा आहे. तिन्ही लीड एकेक घर पुढे सरकव, म्हणजे फिरण्याची दिशा तीच राहते. जास्त करंट पूर्वीच्याच लाइनवर राहिला तर दोष लाइनचा, लीडबरोबर सरकला तर मोटारीचा. पाणी कमी येत असेल तर दोन तारा उलटवून बघ, उलटी फिरणारी सबमर्सिबलसुद्धा पाणी देते, पण कमी देते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये, करंट वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले मोटारीच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर तो प्लेटवरच्या आकड्याच्या 58 टक्क्यांवर ठेवायचा असतो. बरेच जण पूर्ण आकड्यावर ठेवतात, आणि मग मोटार जळेपर्यंत रिले पडतच नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. डीपीवर चढायचं नाही. फ्यूज टाकायला शेतकरी आग्रह करेल, ‘दोन मिनिटांचं काम आहे, वायरमन येत नाही’ म्हणेल. वाइंडिंग येतं म्हणून डीपीचं काम येत नाही, आणि तो अधिकारही तुझा नाही. कुणाच्या जनरेटरवरून उलटी लाइट येऊ शकते. खेड्यापाड्यात पोरं अशीच जातात. तसंच चेन-पुलीवर पाइप ओढताना वरचा क्लॅम्प सुटला तर पाइपमधल्या पाण्यासकट सगळं वजन खाली येतं. घोड्याखाली (पाइप ओढायच्या तिपाईखाली), पाइपला टेकून कुणी उभं राहायचं नाही.

पैशाचं गणित असं चालतं: भरायची मजुरी एचपीवर, तार किलोवर वेगळी, बेअरिंग-बुश वेगळं, मोटार वर काढायची-सोडायची मजुरी पाइपांच्या संख्येवर. जुनी तांब्याची तार शेतकऱ्याची असते. ती परत द्यायची की तिचे पैसे बिलातून वळते करायचे, हे मोटार उतरवतानाच बोलून घ्यायचं. स्वस्तात भरून देतो म्हणून ॲल्युमिनियम तार घालणाऱ्यांच्या नादी लागू नको. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 60 टक्के, आणि तेवढी जाड तार त्याच स्लॉटमध्ये बसत नाही, म्हणून ती मोटार गरमच चालते.

शिकायला कधी जायचं? जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा दुकानदाराला हात कमी पडू लागतात, पंखे-कूलर दुरुस्तीला यायला लागतात, मग मोटारींची रांग लागते. सुरुवातीला मिळणारा पैसा तुझ्या आजच्या पगाराच्या निम्माही नसेल, म्हणून तोपर्यंत किमान चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव, आणि तोवर नोकरी सोडू नको. उन्हाळ्यात तुझ्या वाट्याला खोलणं, स्लॉट साफ करणं, इन्सुलेशनचा कागद कापणं, नोंदी घेणं येईल. त्याला कंटाळू नको, शंभर जळालेल्या मोटारी बघूनच डोळा तयार होतो. पाऊस पडला की गर्दी ओसरते, आणि तेव्हाच उस्तादाला शिकवायला वेळ असतो. पुष्कळ पोरं नेमकी जूनमध्ये सोडून जातात. सुरुवात घरीही करता येते: भंगारातून एक जळालेला सीलिंग फॅन आण, त्याच्या कॉइल मोजत सोड आणि वहीत मांड.

सौर पंपही लगेच धर. 2024 पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत 3, 5 आणि साडेसात एचपीचे पंप शेतात येत आहेत, वॉरंटी संपल्यावर ते कुणाकडे येणार? तिथं कंट्रोलर, म्हणजे पॅनेलच्या विजेवर मोटार चालवणारी पेटी, समजून घ्यावा लागतो, आणि एक सवय मोडावी लागते. स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत शेकडो व्होल्ट डीसी असतात.

आयटीआय कर, नक्की कर. इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं. तुझं दहावीत गणित-विज्ञान झालंय, बारावी आर्ट्सनं काही अडत नाही, आणि वयाची वरची मर्यादा नाही. वाइंडिंग अभ्यासक्रमातच आहे. त्या प्रमाणपत्रावर पुढे तारतंत्री (वायरमन) परवान्याचा मार्ग खुला होतो, आणि महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीलाही तेच लागतं. भुसावळच्या रेल्वे अप्रेंटिसवर मात्र भरवसा ठेवू नको, तिथं वय 15 ते 24 आहे, राखीव प्रवर्गाला सवलत धरूनच काय ते. बऱ्याच सरकारी आयटीआयमध्ये वर्ग पाळीत चालतात. सकाळची पाळी मिळाली तर दुपारनंतर दुकान सुटत नाही. हजेरी 80 टक्के लागते, सीझनमध्ये दांड्या मारल्या तर परीक्षेला बसू देत नाहीत. आणि कुणी एजंट ‘पीएम विश्वकर्मामधून इलेक्ट्रिशियनचं किट मिळवून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नको, कारागिरांच्या त्या केंद्रीय योजनेतल्या 18 व्यवसायांत इलेक्ट्रिशियन नाही.

प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर लागेल. निकालानंतर सेतू केंद्रावर सगळा तालुका रांगेत असतो, म्हणून नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज एप्रिलमध्येच टाक, आणि तो त्या वर्षाला चालेल ना हे तारीख बघून घे.