नव्या मशीनआधी एक वही

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज वाचला. व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं, कोटेशन, बँकेचं कर्जाचं मंजुरीपत्र आणि खाली एक ओळ : खंडेनवमीला मशीन येतंय, हायड्रा क्रेननं उतरवलं की नारळ, काका, तुम्हीच फोडायचा. वाचून बरं वाटलं. तुझ्या बाबांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या लेथवर सुरुवात केली तेव्हा नारळ मीच फोडला होता. त्या लेथचं बेड इतकं झिजलेलं होतं की लांब शाफ्ट टर्न करायला घेतला की टेपर हमखास, एक टोक जाड, एक बारीक. आज शिरोलीत तुझ्या शेडमध्ये पाच मशीन दोन शिफ्ट चालतात. तेव्हा नारळ फोडीन. पण या खंडेनवमीला नको, असं माझं मत आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलो.

तू लिहिलंस की नवीन पार्टी महिन्याला दीड लाखाचं काम देते आहे, तासाला ४५० रुपयांचा रेट ठरलाय, पेमेंट ९० दिवसांनी. आणि खाली तुझा हिशेब : मशीनचा तासाचा खर्च ४००, म्हणजे तासामागे ५० सुटले. हे ४०० कुठून आले ते मी मागे जाऊन मांडून बघितलं. मशीन ३२ लाखांचं, ८ लाख तुझे, २४ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी १० टक्क्यांनी, म्हणजे हप्ता साधारण ५१ हजार. दोन ऑपरेटर ४४ हजार, लाईट १८, इन्सर्ट (कापायची पाती), कूलंट, तेल २०, शेडचं भाडं आणि ऑफिसचा वाटा २०, देखभाल ७. बेरीज १ लाख ६० हजार. महिन्याचे २५ दिवस, रोज १६ तास, म्हणजे ४०० तास. भागाकार बरोबर ४००. गणित चोख आहे.

फक्त ते ४०० तास कुठं आहेत?

गेल्या महिन्यात तुझ्या शेडमध्ये मी दोन तास बसलो होतो, तेव्हा पाचातली दोन मशीन थांबली होती. एकावर फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवणारी चौकट, बदलणं चाललं होतं, दीड तास झाला तरी डायल फिरवणं संपत नव्हतं. दुसऱ्यावर फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, यायची वाट. हे एका दुपारचं झालं, पण माझ्या शॉपमध्ये मी जेव्हा पहिल्यांदा प्रामाणिकपणे मोजलं, तेव्हा ४०० पैकी स्पिंडल फिरल्याचे, म्हणजे प्रत्यक्ष कापकामाचे, तास २६० भरले होते. मला स्वतःला खोटं वाटलं म्हणून पुढचा महिना परत मोजलं. २५५. तुझे वेगळे असतील, पण ४०० नक्की नाहीत. १ लाख ६० हजारांना २६० नं भाग, तासाचा खर्च ६१५ येतो. म्हणजे ४५० च्या रेटनं प्रत्येक तासाला तू खिशातले १६५ रुपये त्या पार्टीला देणार, वर तिला धन्यवादही म्हणणार.

आता पुढचं. पार्टीचं काम दीड लाखाचं, म्हणजे ४५० नं ३३३ तास. नवं मशीन प्रत्यक्षात २६० तास चाललं तर ते काम त्यावर पुरं होतच नाही. उलट तुझी जुनी पाच मशीन २६० वरून ३३० वर आणलीस तर ३५० तास मोकळे होतात, एका रुपयाचा नवा हप्ता न भरता. मशीन कमी पडत नाहीये, पोरी. वेळ सांडतोय.

तो गळतो कुठं हे शोधायला संगणकाची गरज नाही. प्रत्येक मशीनला सुतळीनं एक वही बांध. मशीन दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरनं वेळ आणि कारण लिहायचं : सेटिंग, कास्टिंग नाही, लाईट नाही, इन्सर्ट संपला, क्वालिटीवाला येईना. पहिले आठ दिवस मुलं लिहिणार नाहीत, कारण त्यांना वाटतं ही आपल्याला पकडायची युक्ती आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘मालकीण नव्हती, ड्रॉइंग मिळालं नाही’ असं एखादं कारण तुझ्या स्वतःच्या नावावर तू लिही. मग लिहितात. माझ्याकडे सगळ्यात मोठं कारण सेटिंग निघालं. लॉट चाळीस नगांचे आणि दिवसातून दोनदा फिक्स्चर बदल. नेहमीच्या चार जॉबना लोकेटिंग पिनांवर बसणारी फिक्स्चर करून घेतली, पुढच्या जॉबची इन्सर्ट आणि टूल आधीच ट्रॉलीवर मांडून ठेवायला लावली, तेव्हा दीड तासाचं काम पस्तीस मिनिटांवर आलं. त्या फिक्स्चरचा खर्च नव्या मशीनच्या दोन हप्त्यांहून कमी होता. दुसरं मोठं कारण कास्टिंग. त्यावर उपाय म्हणजे फाउंड्रीवाल्याकडे जाऊन बसणं. त्याला आठवड्याचा प्लॅन लिहून दे, फोनवर ‘लवकर पाठवा’ म्हणून काही होत नाही, तो फोन त्याला रोज वीस जण करतात.

आणि ४५० चा रेट? ३३० तास चालवलंस तरी, वाढलेले इन्सर्ट आणि लाईट धरून, नव्या मशीनचा तास ५१५ च्या आसपास पडतो. तुझ्या जुन्यांपैकी ज्यांचे हप्ते फिटले त्यांचा कमी पडेल, तेही एकेकाचं वेगळं मांड. पण हप्ता फिटलेलं मशीन फुकट आहे असं समजून रेट देऊ नको. ते कधीतरी बदलावं लागणार आहे.

आता पैशाचं, कारण या धंद्यात मी माणसं बुडालेली पाहिली ती काम नसल्यामुळे कमी आणि काम वाढल्यामुळे जास्त. नवं मशीन घेतलंस असं धरू. पहिल्या महिन्याचं बिल चौथा महिना संपताना हातात येणार. तोवर तुझे ८ लाख मार्जिन, चार हप्त्यांचे २ लाख ४ हजार, चार महिन्यांचे पगार-लाईट-भाडं ४ लाख ३६ हजार. पहिला रुपया दिसण्याआधी १४ लाख ४० हजार बाहेर गेले. मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट काही महिने पुरेल म्हणून जीएसटी यात धरलाच नाही. एरवी तोही बिल फाडल्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पार्टीनं पैसे दिले असोत वा नसोत.

तू म्हणशील, सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट खातं, आहे की. इथं माझी गोष्ट सांगतो, तुझ्या बाबांना माहीत आहे. २००८ च्या सुरुवातीला एका मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यातल्या साहेबांच्या तोंडी शब्दावर मी दोन मशीन घेतली. मार्जिनचे पैसे नव्हते म्हणून सीसीतून काढले. सहा महिन्यांत फिरवून भरू, असं वाटलं. दिवाळीनंतर वाहन उद्योगाची मागणी कोसळली आणि माझं शेड्यूल एका फॅक्सनं निम्म्यावर आलं. मशीन उभी, हप्ते चालू आणि कास्टिंगचे पैसे द्यायला सीसीत जागा नाही, कारण ती जागा मशीनच्या रूपानं काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवलेली होती. त्यातून बाहेर यायला तीन वर्षं आणि तुझ्या काकूच्या पाटल्या गेल्या. साहेबांची तोवर बदली झाली होती. सीसी ही माल आणि उधारी फिरवण्यासाठी असते. तिच्यातून मशीन, गाडी, शेडचा पत्रा काहीही घ्यायचं नाही. शिवाय बहुतेक बँका ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाहीत. म्हणजे पार्टीनं पैसे थकवले की नेमकी त्याच वेळी तुझी लिमिट आकसते.

मंजुरीपत्रात सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्ज-हमी ट्रस्टची हमी आहे, तारण नाही, म्हणून तू खुशीत दिसलीस. १ एप्रिल २०२५ पासून ती हमी १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते, चांगली सोय आहे. पण हमी बँकेला आहे, तुला नाही. कर्ज थकलं तर वसुली तुझ्याकडूनच, आणि हमीची फीही बहुतेक वेळा कर्जदाराच्याच माथी.

उधारीबद्दल तुला कायदा माहीत असेलच, तरी सांगतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६ च्या कायद्यानं, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५. ९० दिवस लिहिलेल्या पीओची (खरेदी ऑर्डरची) कायद्यापुढे किंमत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. १ एप्रिल २०२४ पासून अशा थकलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला आयकरात पैसे दिल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये काही अकाउंट खाती अचानक प्रेमळ होतात. आणखी एक बारीक कलम आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. ‘इन्स्पेक्शन बाकी आहे’ हे तुणतुणं त्यापुढे चालत नाही. म्हणून प्रत्येक चलनावर गेटवरचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तुझा टेम्पोवाला परत येता कामा नये. ही सवय आजपासून लाव.

पण खरं बोलायचं तर मी चौतीस वर्षांत थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या फेसिलिटेशन कौन्सिलकडे एकदाच गेलो, तेही ज्या पार्टीचं काम मी आधीच सोडलं होतं तिच्याविरुद्ध. ज्याच्यावर तुझं निम्मं बिल अवलंबून आहे त्याच्यावर तू तक्रार करणार नाहीस, आणि त्यालाही ते ठाऊक आहे. कायदा वापरायलाही दुसरं गिऱ्हाईक लागतं. एकाच पार्टीचं काम तुझ्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शावर गेलं की दुसरीकडे दार वाजवायला सुरुवात कर, तिच्याशी कितीही गोडी असली तरी. पंप, ट्रॅक्टर, साखर कारखान्यांची दुरुस्ती, कोल्हापूरच्या आसपास वाहन उद्योगाबाहेरचं काम कमी नाही. रेट थोडा कमी असेल, पण मंदी सगळ्यांना एकाच दिवशी गाठत नाही.

या पार्टीशी भांडायचं नाही, बोलायचं. विचार की त्यांची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे का. असेल तर त्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी तिथं तुझं बिल मान्य केलं की बँक तुला व्याज कापून काही दिवसांत पैसे देते, आणि पार्टीनं पुढे बुडवलं तर बँक तुझ्या मागे लागत नाही. रेट ६०० माग. ५५० वर येतील. नाही आले तर पहिले तीन महिने जुन्या मशीनच्या मोकळ्या तासांत निम्मंच काम घे आणि त्यांचे पैसे खरंच कधी येतात ते बघ. पीओवरच्या ९० दिवसांचे १२० कसे होतात ते तुला कळेल, आणि ते दोन लाखांत कळलेलं बरं, चौदा लाखांत नको.

अजून एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, दिवसचे दिवस ट्रक हलला नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शेड कोरडं असूनही माल बाहेर जाईना, पगार मात्र सात तारखेला द्यायचा होता. दोन महिन्यांचे पगार आणि हप्ते एका वेगळ्या खात्यात एफडी करून ठेव, आणि त्या खात्याचं चेकबुक तुझ्या आईकडे दे. तुझ्याकडे नको, तू मशीन घेशील.

माणसांबद्दल लिहायचं होतं, पण तुझा सेटर सोडून जातो म्हणतोय ते भेटल्यावरच बोलू. पगार वाढवून तो थांबेल असं मला वाटत नाही. रात्री दहाला सेटिंगसाठी त्याला घरून बोलावणं आधी थांबव.

बँकेला लिही की मंजुरी किती महिने वैध आहे ते कळवा, वितरण आत्ता नको. खंडेनवमीला मी सकाळी नऊला येतो. पाचही मशीन पुसून, हळदकुंकू लावून ठेव, झेंडूच्या माळा मी शिंगोशी मार्केटातून आणतो. आणि त्या पाच वह्या टेबलावर असू दे, पंधरा दिवसांच्या तरी भरलेल्या.

तुझा,
काका