आजोबांच्या पेटीत जुना चाकू आणि ठासणीचं पिस्तूल सापडलं, घासून चकचकीत करू का?

अजिबात नको! काळपट थरच त्याचं वय सांगतो; पॉलिश केलं की किंमत गेली. अमळनेरच्या आमच्या वाड्यातल्या चाकूला मी फक्त शिलाई मशीनचं तेल लावलं, तर पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रॉस उमटला. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू बनवणाऱ्या कंपनीची खूण! किती हरखलो म्हणून सांगू. खूण बघूनच चाकू जमवा, मुठीवर भाळू नका.

पिस्तूल मात्र भरलेलंच आहे असं समजा. नळीत जुनी दारू असू शकते, घोडा ओढू नका. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 दुरुस्त करूनही न झाडता येणाऱ्या जुन्या हत्यारालाच सूट देतं. आधी पोलीस ठाण्यात कळवा.